पहिला व्यवहार मोफत

दादा सोमवारी गेले आणि बुधवारी दुपारपर्यंत बाळकाकांच्या फोनमध्ये परदेशी पैसे पाठवण्याची तीन ॲप्स येऊन बसली. पहिल्याने सुस्वागतम म्हटलं, दुसऱ्याने "आपल्या माणसांच्या आणखी जवळ या" असा सल्ला दिला आणि तिसऱ्याने पडदाभर रंगीत फुगे सोडले. बाळकाकांनी फुगे वर निघून जाईपर्यंत वाट पाहिली, चष्मा पुसला आणि तिन्हींत एकच रक्कम टाकून कोण किती फी घेतं ते बघायला सुरुवात केली.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. लिफ्ट दुरुस्तीचं काम मिळालं म्हणून ऐन तरुणपणी परदेशी गेले ते तिकडचेच झाले. लग्न केलं नाही, संसार केला नाही. दर रविवारी फोन करायचे आणि तिकडच्या हवेला शिव्या घालायचे. या सोमवारी ते झोपेतून उठलेच नाहीत. शेजारणीने कळवलं, आणि पाठोपाठ तिथल्या अंत्यसंस्कार करून देणाऱ्या ऑफिसातून एका बाईचा मेल आला. मेल सभ्य होता, पण मुद्द्याला धरून होता. शुक्रवारी त्यांच्या दुपारपर्यंत, म्हणजे आपल्या संध्याकाळी पाचपर्यंत पैसे जमा झाले, तर लगेच सहाच्या सुमाराला दादांना निरोप दिला जाईल आणि घरच्या माणसांना फोनच्या कॅमेऱ्यातून त्यांचं शेवटचं दर्शन घडवलं जाईल. पैसे आले नाहीत, तर तिथली नगरपालिका त्यांना ताब्यात घेईल आणि तिच्या सवडीने उरकेल. नगरपालिकेच्या उरकण्यात कॅमेरा नव्हता.

"मला त्याचा चेहरा एकदा बघू दे," ताई म्हणाली होती. "बाकी मला काही नको."

ताई ही दादांच्या पाठची आणि बाळकाकांच्या आधीची. बातमी कळल्याबरोबर दोन साड्या पिशवीत कोंबून ती धाकट्या भावाकडे येऊन राहिली होती. उभा जन्म तिने सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढला. मरणाला ती भीत नव्हती, पण मरण लांबवत बसलेलं तिला खपत नसे. आणि बाळकाकांना तर दादांचा चेहरा तिच्याहून जास्त बघायचा होता. फक्त तसं तोंडाने म्हणायची त्यांची रीत नव्हती.

पैशाचा प्रश्न नव्हता. रक्कम मोठी होती, पण बँकेत पडून होती. प्रश्न होता तो ती तिकडे पोचेपर्यंत वाटेत कोण किती खाणार याचा.

हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला नसता. पण बाळकाकांनी अख्खी नोकरी पंपांच्या कारखान्यात खरेदी खात्यात केली होती आणि त्या खात्यात तीन कोटेशन आल्याशिवाय टाचणीसुद्धा विकत घेतली जात नसे. एकदा गोदामाला आग लागली. आग विझवायची नळकांडी का नव्हती याची चौकशी झाली तेव्हा उघड झालं, की तिसरं कोटेशन यायचं राहिलं होतं. नंतर ते आलं आणि सगळ्यांत स्वस्तही निघालं. बैल गेला नि झोपा केला, असं बाकीचे म्हणाले. बाळकाका मात्र आजही ती गोष्ट सांगताना म्हणत, "पण वाचले किती ते बघा ना!"

"किती वेळ लागतो रे पैसे पाठवायला?" ताईने बुधवारी संध्याकाळी विचारलं.

"पाठवायला दोन मिनिटं."

"मग दुपारपासून काय करतोयस?"

"ताई, हे बघ." बाळकाकांनी फोन तिच्यापुढे धरला. "हे पहिलं ॲप. म्हणतं, फी शून्य. लोक फसतात. पण ह्याचा चलनाचा दर बघ. बाजारात जो भाव आहे त्याच्यापेक्षा कितीतरी कमी देतात. म्हणजे फी आहेच, फक्त दरात लपवलीय. दिवसाढवळ्या दरोडा आहे हा! हे दुसरं. दर चोख, पण वर फी लावतात. आणि हे तिसरं. दर त्याहून चोख आणि पहिला व्यवहार मोफत. पण त्यांना आधी माझी ओळख पटवून हवी."

"तुझी ओळख पटायला मला साठ वर्षं लागली," ताई म्हणाली. "दुसऱ्यातून पाठव आणि मोकळा हो."

"पाठवतोच. पण दर सकाळपासून पडतोय. उद्या सकाळी सावरेल."

"आणि दादा?"

"दादा काय?"

"तो तिथे थंड पेटीत पडलाय बाळ, आणि तू दर सावरायची वाट बघतोयस?"

खरं सांगायचं तर दर हे निमित्त होतं. निम्मं निमित्त होतं आणि निम्मी सवय होती. फोनवर आकडे बघत बसलं की दादांचं काहीतरी काम अजून चालू आहे असं त्यांना वाटत होतं. एकदा पैसे गेले की ते काम संपणार होतं. मग रविवार येणार होता आणि फोन वाजणार नव्हता. हे ताईला सांगावं असं त्यांना वाटलं, पण तेवढ्यात दर जरासा हलला आणि ते पुन्हा फोनमध्ये शिरले.

रात्री जेवायच्या आधी त्यांनी तिकडच्या बाईला मेल लिहिला. पैसे तुमच्या बँकेत जमा होताना तुमची बँक काही कापते का? काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ताटं मांडेपर्यंत दुसरा लिहिला. मधल्या बँकेने काही कापल्यास ते कुणाच्या माथी? जेवण झाल्यावर तिसरा. पेटीच्या लाकडात दोन प्रकार लिहिले आहेत, त्यांतल्या फरकाचा खुलासा व्हावा. बाईने तिन्हींना उत्तरं दिली. तिसऱ्याच्या शेवटी तिने लिहिलं होतं, की आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत आणि स्वस्त लाकूड पुरेसं आहे.

गुरुवारी सकाळी दर आणखी पडला.

"बघा!" काकू म्हणाल्या. "काल पाठवले असते तर?"

"कालचं काल गेलं," बाळकाका म्हणाले आणि त्यांनी मन घट्ट करून दुसरं ॲप उघडलं. रक्कम टाकली. अंत्यसंस्कारवाल्यांचं नाव टाकलं. फीच्या आकड्याकडे बघवत नव्हतं म्हणून त्यावर अंगठा ठेवला. मग ॲपने विचारलं, पैसे पाठवण्याचं कारण निवडा. खाली यादी आली. शिक्षण. पर्यटन. भेटवस्तू. कुटुंबाचा चरितार्थ. वैद्यकीय उपचार. इतर.

बाळकाकांनी यादी वरून खाली वाचली आणि खालून वर वाचली. मरण कुठेच नव्हतं. मग त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ सतार ऐकवल्यावर एक मुलगी आली.

"सर, वैद्यकीय उपचार टाकून द्या ना."

"उपचारांची वेळ गेली हो."

"मग कुटुंबाचा चरितार्थ?"

"अहो, चरितार्थ कुणाचा? तो माणूसच गेलाय."

"सॉरी सर. मग भेटवस्तू टाका. भेटवस्तूला काही विचारत नाहीत."

"भावाच्या मयताला भेटवस्तू म्हणू?" बाळकाकांचा आवाज चढला. जन्मात त्यांनी खोटं व्हाउचर लिहिलं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला, 'इतर' निवडलं आणि पुढच्या रिकाम्या जागेत स्वच्छ लिहिलं, थोरल्या भावाचे अंत्यसंस्कार.

ॲपने क्षणभर विचार केला. मग पडदा लाल झाला आणि त्यावर एक प्रश्न आला. सध्या नातेवाईक अडचणीत असल्याचं सांगून अनेकांची फसवणूक होत आहे. ज्यांच्यासाठी पैसे पाठवत आहात, त्या नातेवाइकाशी आपण स्वतः बोलून खात्री करून घेतली आहे का? खाली दोन बटणं होती. हो आणि नाही.

काकू खांद्यावरून वाचत होत्या. "हो म्हणा," त्या घाईने म्हणाल्या. "अहो, नुसतं हो दाबा."

"कसं दाबू? मी बोललो नाहीये."

"बोलणार कसे तुम्ही?"

"तेच म्हणतोय मी." आणि बाळकाकांनी 'नाही' दाबलं.

ॲपने त्यांचे मनापासून आभार मानले. आपल्या सावधगिरीमुळे एक संभाव्य फसवणूक टळली असून आपल्या सुरक्षिततेसाठी आपलं खातं दोन दिवस बंद ठेवण्यात येत आहे, असं त्याने कळवलं. शेवटी एका ढालीचं चित्र होतं आणि ढाल हसत होती.

हे ऐकल्यावर ताईने पिशवी उचलली, पायांत चपला घातल्या आणि दाराकडे निघाली.

"कुठे चाललीस?"

"बँकेत. खरोखरच्या बँकेत. जिथे माणसं बसतात. माझ्या खात्यातून पाठवते."

"ताई, त्यांची फी ऐकलीस तर इथेच बसशील खाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

"असू दे. माझी कोंबडी, माझा मसाला."

ती तावातावाने गेली आणि तासाभराने पाय ओढत परत आली. बँकेतल्या माणसाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, की आमच्याकडून पैसे आज निघाले तर तिकडे सोमवारी उतरतील. काल आला असतात तर काम झालं असतं. हे शेवटचं वाक्य ताईने बाळकाकांकडे बघून दोनदा सांगितलं.

"मग पहिल्यातून पाठवा," काकू काकुळतीला आल्या. "ते शून्यवालं. दरोडा तर दरोडा. वन्सं, तुम्ही तरी सांगा यांना."

"मी काय सांगू? हा आमच्या आईला औषध आणतानासुद्धा तीन दुकानं फिरायचा."

"आणि आई बरी झाली होती," बाळकाका म्हणाले. "तिसऱ्याने ओळख पटवायला उद्या दुपारची वेळ दिलीय, त्यातून जातील. ओळख पटली की पाच मिनिटांत पैसे पोचतात, असं लिहिलंय त्यांनी. फी नाही, दर उत्तम. दोघींनी एक दिवस माझ्यावर विश्वास ठेवा."

एक गोष्ट त्यांनी त्या दोघींना सांगितली नाही. ते कॉलेजात शिकत होते तेव्हा दादा तिकडून दर महिन्याला ड्राफ्ट पाठवायचे. त्या काळी ड्राफ्ट काढायला किती पैसे पडायचे याची बाळकाकांनी नंतर खरेदी खात्यात गेल्यावर एकदा चौकशी केली होती आणि त्यांना घाम फुटला होता. एका रविवारी त्यांनी फोनवर विचारलं, "दादा, तू एवढी फी भरायचास? दुसरीकडे विचारलं का नाहीस?" दादा म्हणाले होते, "बाळ्या, विचारत बसलो असतो तर तुझी परीक्षा होऊन गेली असती." आणि मग त्यांनी हवेला शिव्या घातल्या होत्या. हे बोलणं बाळकाकांना गुरुवारी दिवसभर टोचत राहिलं. तरी त्यांनी पहिलं ॲप उघडलं नाही. माणसाचं हे असं असतं. कळतं पण वळत नाही.

शुक्रवारी जेवण आटोपल्यावर बाळकाका इस्त्रीचा सदरा घालून आतल्या खोलीत फोन घेऊन बसले. ओळख पटवायचा कॉल व्हिडिओवर होता. रांगेत आपल्यापुढे बरेच ग्राहक आहेत, असं ॲप सांगत होतं आणि मधूनमधून फुगे सोडत होतं. ताई आणि काकू बाहेरच्या खोलीत बसून होत्या. कुणी चहा केला नाही. चार वाजले. मग साडेचार झाले. बाळकाकांनी रांगेत बसल्या बसल्या तिकडच्या बाईला आणखी दोन मेल लिहिले. एकात पैसे थोडे उशिरा आले तर चालतील का असं विचारलं आणि दुसऱ्यात त्या उशिराला काही दंड आहे का ते विचारलं. या दोहोंना उत्तर आलं नाही.

पाच वाजले. आता त्यांनी खरोखर पहिलं ॲप उघडायचं ठरवलं, दर काहीही असो. पण तेवढ्यात इथला नंबर लागून हुकला असता, कारण पुढे आता एकच ग्राहक उरला होता. तो ग्राहकही बाळकाकांच्याच वळणाचा असावा, कारण त्याला अर्धा तास लागला. मग पडद्यावर गळ्यात पट्टा अडकवलेला एक तरुण अधिकारी उगवला.

"नमस्कार सर. कार्ड दाखवा. थोडं वर. थोडं खाली. चमकतंय सर, दिव्याखाली नका धरू. हां. आता चेहरा चौकटीत ठेवा. हलू नका."

बाळकाका श्वास धरून बसले.

"आता डोळे मिचकवा. डावीकडे बघा. उजवीकडे बघा. छान. आता थोडं हसा सर."

"काय?"

"हसा. सिस्टिमला बघायचं असतं की समोर फोटो नाहीये, जिवंत माणूस आहे. हसल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही."

बाळकाकांनी ओठ ताणले.

"नाही घेतलं सर. परत."

त्यांनी दात दाखवले. सिस्टिमला दातही पसंत पडले नाहीत.

"सर, मनापासून हसा. काहीतरी चांगलं आठवा ना."

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. ताईचा. तिचा आवाज ऐकू आला, आधी हळू आणि मग एकदम मोठा. दार धाडकन उघडलं आणि ती फोन हातात धरून दारात उभी राहिली.

"बाळ, लवकर ये बाहेर, अरे तो..."

"आत्ता नको!" बाळकाका मान न हलवता ओरडले.

"अरे पण बघ तरी..."

"सर, मागे कोण आहे?" अधिकारी कडक आवाजात म्हणाला. "खोलीत दुसरं माणूस चालत नाही. कुणाच्या दबावाखाली पैसे पाठवताय, असं धरलं जातं. मला कॉल बंद करावा लागेल, मग पुन्हा पहिल्यापासून रांग."

बाळकाका उठले. चेहरा चौकटीतून सुटू नये म्हणून फोन नाकासमोर धरून तसेच आडवे आडवे सरकत दाराशी गेले. ताई काहीतरी सांगत होती. त्यांनी एका हाताने तिला बाहेर सारलं, दार लावलं आणि आतून कडी घातली.

"आता कुणी नाही," ते म्हणाले.

"गुड. आता हसा सर. शेवटचा प्रयत्न. या वेळी नाही घेतलं तर उद्या यावं लागेल."

बाळकाकांनी डोळे मिटले. चांगलं काय आठवावं? आणि त्यांना दादा आठवले. परदेशी जायच्या आदल्या दिवशी नवा कोट घालून, आरशासमोर उभे राहून, तिकडच्या साहेबाशी कसं बोलायचं याची तालीम करणारे दादा. साहेब म्हणून त्यांनी बाळकाकांना खुर्चीवर बसवलं होतं, आणि ती खुर्ची अशी काही मोडकी निघाली, की साहेब बोलता बोलता जमिनीवर गेला. दादा साहेबाला उचलायला वाकले आणि नवा कोट पाठीत फाटला. दोघं भाऊ जमिनीवर बसून पोट धरधरून हसले होते. आई ओरडत होती आणि ती ओरडत होती म्हणून आणखी हसू येत होतं.

"घेतलं!" अधिकारी म्हणाला. "बघा, किती छान हसलात. अभिनंदन सर, आपली ओळख पटली."

पुढचं सगळं खरंच पाच मिनिटांत झालं. या ॲपने कारण विचारलं नाही आणि नातेवाइकाशी बोललात का हेही विचारलं नाही. दर उत्तम होता. फी शून्य. फुगे सुटले. पडद्याच्या खाली हिरव्या अक्षरांत आलं, की या व्यवहारात आपण इतके इतके पैसे वाचवले आहेत, ही आनंदाची बातमी मित्रांना कळवा. बाळकाकांनी तो आकडा डोळे भरून पाहिला. वरातीमागून घोडं गेलं होतं खरं, पण गेलं होतं. आता त्या बाईला फोन करायचा, हातापाया पडायचं, तासाभराची सवलत मागायची. त्यांनी कडी काढली.

बाहेर ताई आणि काकू एकाच पलंगावर बसल्या होत्या. काकू पदराने डोळे पुसत होत्या. ताईचा फोन तिच्या मांडीवर उपडा पडला होता.

"गेले पैसे!" बाळकाका म्हणाले. "एक दमडी फी लागली नाही. आता तिला फोन लावतो आणि सांगतो, की..."

"झालं बाळ," ताई म्हणाली.

"काय झालं?"

"दादाचं. आत्ताच झालं. तिने मला व्हिडिओ लावला होता. आधी तुलाच लावत होती, पण तुझा फोन लागेना. मग माझा नंबर शोधून काढलान. पाच मिनिटं कॅमेरा त्याच्या चेहऱ्यासमोर धरून उभी होती बिचारी. पुढची माणसं दाराशी खोळंबली होती, त्यामुळे जास्त थांबता येत नव्हतं तिला. मी आत आले ना तुला बोलवायला."

बाळकाका खुर्चीत बसले. "पण पैसे तर पोचलेच नव्हते. पाचची मुदत होती. मुदत टळली की नगरपालिका..."

"मी विचारलं तिला. म्हणाली, तुमच्या भावाचे मेल आम्ही ऑफिसात सगळ्यांनी वाचले. मधली बँक काय कापते, लाकूड कुठलं, उशीर झाला तर दंड किती. मग आम्ही ठरवलं, की पैशांसाठी थांबायचं नाही. एवढ्या चौकश्या करणारा माणूस पैसे बुडवत नसतो. निवांत पाठवा म्हणाली. महिन्याभरात कधीही."

बाळकाकांच्या हातातल्या फोनवर अजून फुगे वर चढत होते. ते बंद कसे करायचे हे त्यांना सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात घातला.

"कसा दिसत होता?" त्यांनी विचारलं.

"बारीक झाला होता. दाढी छान केली होती त्यांनी. कोट घातला होता." ताईने भावाकडे पाहिलं आणि तिला त्याचा रागही आला आणि त्याहून जास्त कीवही आली. "मी एवढी दार बडवत होते रे बाळ. आत करत होतास तरी काय?"

बाळकाकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"हसत होतो," ते म्हणाले.